बसणाऱ्याचं वजन

क्लबच्या लिलावात आठ हजारांना सुटलं हे यंत्र.
पावतीवर शेरा: बंद. जसं आहे तसं.
टेम्पोवाल्याने घणसोलीच्या मैदानाकडेला,
रोलरशेजारी उतरवलं
आणि जाताना म्हणाला,
बसून गवत कापायचं, म्हणजे राजाचं काम.

किल्ली फिरवली. काही नाही.
टक्क असा आवाजसुद्धा नाही.

टाकी उघडली तर पेट्रोलला
जुन्या वॉर्निशचा वास. काढलं सगळं, अर्धी बादली.
बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी,
ती गरम पाण्याने, खायच्या सोड्याने धुतली.
मीटर म्हणाला बारा पॉइंट सहा.
फ्यूज शाबूत. वायरींना घुशीचे दात लागलेले नाहीत.
पातं सोडवलेलं, ब्रेक दाबलेला,
प्लग तर माझ्या ओढणीला पुसून बघितला.
शेवटी सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर
स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला.
ठिणगी. इंजिन घरघरत फिरलं, पेटलं नाही.

म्हणजे मेलेलं नाही.
कुणीतरी अडवून धरलंय.

आप्पा सीटवर बसून होते, सकाळपासून.
बावीस वर्षं या मैदानावर हातमशीन ढकललेला माणूस
उतरायला तयार नव्हता.
"काय झाला गो? तुझा आयटीआय काय सांगतो?"

तेवढ्यात जयेंद्र चहा घेऊन आला.
पंचाण्णव किलोचा, रबाळ्याच्या कंपनीत रात्रपाळी करून आलेला.
आप्पा जरा पाय मोकळे करायला उठले, हा टेकला,
गंमत म्हणून किल्ली फिरवली,
आणि यंत्र असं ओरडलं
की साइटस्क्रीनवरच्या साळुंक्या उठल्या
नि माझा चहा सांडला.

तो उठला, बंद.
आप्पा बसले, बंदच.
तो बसला, चालू.
जयेंद्र हसला. मग हसायचा थांबला.

सीटखाली एक स्विच असतो,
काळा, काडेपेटीएवढा.
माणूस बसला की दबतो.
माणूस उठला, घसरला, पडला
की इंजिन जागच्या जागी गप्प.
त्याला नाव नको, अनुभव नको,
फक्त वजन.

वाशीच्या हॉस्पिटलातला काटा
दर मंगळवारी हेच सांगतो.
तिथे आम्ही म्हणतो, चपला काढल्यात म्हणून,
उपाशीपोटी आलोत म्हणून.
इथे काहीच म्हणता येईना.

"दोन वायरी जोड नि मोकली हो," आप्पा म्हणाले,
"कोन बघतो?"

सोपं आहे खरं. वीतभर तार, चिकटपट्टी,
तुर्भ्यात कुणीही पाच मिनिटांत करून देईल.
मग यंत्र कधीच विचारणार नाही
वर कुणी आहे की नाही.

तार सोलून झाली होती.
मी मैदानाचा उतार बघितला,
नाल्याकडे जाणारा, रोलरही जिथे दोघं धरतात तो,
आणि तार खिशात टाकली.

माझ्याच चपलेची टाच कापली.
स्प्रिंगचा जोर एक आटा कमी केला,
स्विचवर रबराचा तुकडा चिकटवला.
जाड झाला: सीट रिकामी, तरी चालू.
ब्लेडने तासला. पातळ झाला: आप्पा बसले, तरी बंद.
दुसरा तुकडा. साडेचारपर्यंत हेच.
आप्पांना बसवत, उठवत, पुन्हा बसवत.
त्यांच्या मापाची वस्तू
मी याआधी कधी केली नव्हती.

मग धूर आला, आधी निळा, मग विरळ.
पहिला पट्टा वाकडा गेला,
लेग साइडच्या खांबाला वळसा घालून परतला.
मी हात करून थांबवलं.

"उठा एकदा."
"आता कशाला?"
"उठा हो."

उठले. इंजिन गप्प.
बसले. किल्ली.

ठीक, म्हटलं. कापा आता.
आणि एका पायात चप्पल घालून
बाजूला उभी राहिले.