गाठ

पहाटे पाचला इलियास कुरेशी हाक देतो,
‘आव बाई, आज दो भैंसां हैं.’
मी थर्मासात बर्फ भरून उभी.
मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली गाठ
तो दोन बोटांनी सोडवतो,
चरबीतून खारीक काढावी तशी.
‘इत्ती-सी चीज का क्या करते?’
मी सांगते, भीती हिच्यात असते.
तो हसत नाही. सुरी बादलीत बुडवतो.
‘फिर तो भरी हुई होगी.’

उदगीरहून समुद्र मी एकदाच पाहिला,
शाळेच्या सहलीत, तोही ओहोटीचा.
आता तो आमच्या फ्रीजरमध्ये आहे,
एका कुपीच्या तळाशी, चिमूटभर पांढरा:
शंखातल्या गोगलगायीचं विष.
ती म्हणे वाळूत दडते, माशाला सुई टोचते,
मासा तडफडतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पेशी काचेवर धरतात.
केसाहून बारीक तार मी एकीला टेकवते,
थेंबभर खारं पाणी सोडते.
पडद्यावर काटे उठतात.
एकेक काटा म्हणजे फुटलेली एकेक पुडी.
म्हैस काल गेली,
तिचं दचकणं अजून चालू आहे.

मग विष.
कॅल्शियमच्या दारांना बाहेरून कडी.
काटे विरळ होतात, पुरते थांबत नाहीत;
काही दारं या गोगलगायीला ठाऊकच नाहीत.
वहीत लिहिते: निम्म्याहून कमी. पुन्हा करून बघणे.

वेणूला डसला तो विंचू
लालसर होता, करंगळीएवढाही नाही.
कडब्याची पेंढी तिने माझ्याआधी उचलली.
मी नऊची, ती सहाची.
अंग गार, घाम असा की परकर पिळावा,
आणि छातीत कुणी रिकामं जातं ओढत होतं.
देवणीचे डॉक्टर सोमवारी येणार होते.
तो शनिवार.

पुढे पुस्तकात सापडलं,
त्या विषाने याच गाठी उतू जातात.
सरांना म्हटलं, दोन्ही विषं एकाच काचेवर घालू.
‘प्रबंधात बसत नाही,’ म्हणाले,
‘आणि विंचू कोण आणणार?’
मी गप्प बसले. आमच्या गावात
तो विकत घ्यावा लागत नाही.

वेणू, कुपीत तीन थेंब उरलेत.
या गोगलगायीची आणि त्याची
एकदा गाठ घालून द्यायची आहे मला.
आज शनिवार.
पेशी सोमवारपर्यंत टिकतात,
उबेत ठेवल्या तर.