चकार शब्द

हॉलची किल्ली माझ्याकडे असते.
मे महिन्यात कामगार संघाचा कलामहोत्सव आला की
मी आधी जाऊन खिडक्या उघडते, खुर्च्या मांडते,
चहाच्या बॉयलरला दोन शिव्या घालते.
यंदा गोदामातल्या पोरांचं नाटक आहे,
पार्सलं उचलणाऱ्यांचं.
लघवीला गेलं तरी त्यांच्यावर घड्याळ लावतात म्हणे.
तालमीत ती फार ओरडतात.
मी मागून म्हणते, ओरडू नका रे,
या हॉलला त्याची सवय नाही.

मग सांगावं लागतं एकोणीसशे एकतीसचं.

लँकाशायरात तेव्हा एकेका छपराखाली हजार माग.
त्या खडखडाटात कानाला काही कामच नव्हतं.
बाया ओठांनी बोलत,
तोंड मोठं करून, आवाज न काढता,
चार माग ओलांडून विचारत,
धाकट्याचा खोकला कसा आहे गं?
आणि उत्तर यायचं
धोट्यातून ओठांनी धागा ओढून किडलेल्या दातांमधून,
तसंच, बिनआवाजी.
चर्चमध्येही तीच सवय.
पाद्र्याचं प्रवचन संपेपर्यंत
गावभरच्या कुचाळक्या चार बाकं फिरून परत येत.

त्या हिवाळ्यात मालक म्हणाले,
एकीने चार नाही, आठ माग सांभाळायचे.
उरलेल्यांनी घरी जायचं.

संघाने नाटक बसवलं.
मालकाचं काम सेलिना होवर्थकडे,
नवऱ्याची टोपी, पोटाला उशी.
जाहिरात लागली तसा ठाण्यातून निरोप आला:
नाटक खुशाल करा, आमचा माणूस बसेल,
शब्द न् शब्द लिहून घेईल.
आला कॉन्स्टेबल टॅटरसॉल. कोरी वही,
टोक काढलेल्या दोन पेन्सिली.

पडदा वर गेला.
कोणी ब्र काढला नाही.

सेलिनाने पोट पुढे केलं, तोंड उघडलं, मिटलं,
आणि हॉल हसून हसून वाकला.
विंगेत माझी आजी होती, सूचक म्हणून.
कोणी अडलं की नुसते ओठ हलवायची.
तिच्याइतकी सोपी नोकरी त्या रात्री कोणाचीच नव्हती,
एक टॅटरसॉल सोडला तर.

मग फ्लोरी एकर्स्ली पुढे आली.
तिने तोंड मोठं केलं नाही,
शेजारणीशी कुंपणावरून बोलावं एवढंच हलवलं.
काय म्हणाली, मला माहीत नाही.
आजीने शेवटपर्यंत सांगितलं नाही.
म्हणायची, ते ऐकायचं नव्हतंच, बघायचं होतं,
आणि तू तिथे नव्हतीस.
एवढंच कळलं की
मागच्या रांगेत कोणीतरी हातमोज्यात तोंड खुपसलं,
आणि ब्रास बँडचा म्हातारा ढोलवाला
टोपी काढून उभा राहिला, उगाचच, बराच वेळ.

टॅटरसॉलच्या वहीचं ते पान
किल्लीच्या खुंटीशेजारी चौकटीत लावलंय.
साडेसात ते नऊ. चकार शब्द ऐकू आला नाही.

खोटं काय लिहिलंय त्यात?
दुसऱ्या रांगेत त्याची आई बसली होती,
तीन नंबरच्या शेडमधली, चार मागांची.
पाळण्यात असल्यापासून तो तिच्या तोंडाकडेच बघत आला होता.
सेलिनाच्या विनोदाला तो हसलाही,
जरा उशिरा, खोकल्यात लपवून.

नाटकाने काही थांबलं नाही.
आठ माग आले. पुढे गिरण्याच गेल्या.
हे मी पोरांना सांगते,
कारण न सांगितलं तर ती टाळ्या वाजवतात.

झुबेर बेग मात्र गप्प होता.
त्याचे आजोबा इथल्याच गिरणीत रात्रपाळीला,
आता तो रात्रपाळीला, कानात हेडसेट,
यंत्र सांगेल त्या कप्प्याकडे पळायचं.
तालीम संपल्यावर तो रंगमंचाच्या टोकाला आला
आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले,
मोठे, सावकाश, अगदी वेडेवाकडे.

मला वाटलं, काहीतरी मोठं असणार.
दोनदा हलवायला लावले तेव्हा कळलं.
चहा, म्हणत होता.

बॉयलर अजून तापला नव्हता.
मी तशीच, बिनआवाजी, सांगितलं,
थांब.