परात केवढ्याला

तांबट आळीत कान आधी जातात,
मग गुडघे, मग गिऱ्हाईक.
माझ्या वडिलांचे चाळिशीतच गेले.
सकाळी आठपासून घागरीच्या पोटावर
ठोके, ठोके, ठोके,
आणि कुणी विचारलं, "परात केवढ्याला?"
तर निवृत्ती वडके मान न उचलता सांगायचे,
"वरात उद्याला."
"हंडा दाखवता का?"
"अंडा? आज शनिवार आहे बाई."

पायरीवर बसलेला भाल्या काजळे
तेव्हा हसायचा नाही.
सातपूरच्या कारखान्यात दुसरी पाळी,
कामगार नाट्यस्पर्धेत तीन वर्षं हवालदार,
वाक्य एकच: "साहेब, जीप आली."
तो नुसता बघायचा
वडिलांचा तळहात कानामागे कसा जातो,
भुवई कधी चढते,
चुकीचं उत्तर देताना माणूस
किती खात्रीत असतो.

मग मुंबई. पाच वर्षं पत्ता नाही.
आणि एका गुरुवारी साडेनऊला
माझे वडील आमच्याच टीव्हीत आले:
पिवळा सदरा, चिकटवलेली मिशी,
नाव भिकूनाना.

आई उठून आत गेली.
मी नववीत. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर
खडूने लिहिलेलं, वरात उद्याला.
वडील मात्र पडद्याजवळ सरकले.
आवाजाशी त्यांना देणंघेणं नव्हतंच,
ते हात बघत होते.
"चांगलं करतोय. पण कान डावा पाहिजे."
पोस्टकार्ड टाकलं.
चौथ्या भागापासून डावा.

नऊ वर्षं चाललं ते.
एका रंगपंचमीला लोकांनी भाल्याला
तिवंध्याच्या रहाडीत उचलून टाकलं.
तसाच निथळत तो दुकानी आला
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं
कानाचं यंत्र वडिलांपुढे ठेवलं.
मुंबईचं, महागाचं.
वडिलांनी ते तांब्याच्या डबीत घातलं,
डबी फळीवर.
"मला ऐकू आलं, तर भाल्या खाईल काय?"

त्यांचा दहावा गुरुवारी निघाला.
भाल्याचं शूटिंग होतं.
आमच्या टीव्हीवर चादर.
साडेनऊला समोरच्या घरातून,
वरच्या माळ्यावरून, पार आळीच्या टोकापासून
एकाच वेळी वडिलांचं उत्तर आलं
आणि सगळी आळी हसली.
आई म्हणाली, खिडकी लाव.
मी उठले.
लावली नाही.

मालिका संपल्यावर साड्यांच्या दुकानांच्या फिती,
सिडकोतला दांडिया, कसलंसं मलम.
एक गंभीर नाटकही केलं त्याने,
मुलगा गमावलेला बाप.
कालिदासला त्याच्या पहिल्या हुंदक्यालाच
मागच्या रांगा फुटल्या.
तो थांबला, म्हणे, हसू ओसरेपर्यंत,
सवयीने,
आणि मग पुढचा हुंदका दिला.

आता इंदिरानगरला असतो. एकटा.
परवा दुकानात आला.
दुकान आता स्टीलचं, मी बसते गल्ल्यावर.
वडिलांच्या हातची एक परात तेवढी
विकायची नाही म्हणून वर टांगलेली.
ती काढायला लावली, टिचकी मारली,
कान टेकवला.
"वाजते का गं?"
"वाजते की."
"काय?"
तेव्हा कळलं, त्याचेही गेलेत.

मग इतक्या वर्षांचं विचारून टाकलं,
मुद्दाम हळू आवाजात:
"तेव्हा का नाही आलात?"

हात कानामागे गेला. डाव्या.
भुवई चढली.
"मेवा? दात कुठे राहिलेत, पोरी."

मी हसले. नको असताना,
गल्ल्यावर डोकं टेकून हसले.

रात्री भांडी घासताना आठवलं:
वडील उत्तर लगेच द्यायचे,
ठोक्याला ठोका.
ती मधली अर्ध्या श्वासाची जागा,
जिथे अख्खं घर तोंडाकडे बघत राहायचं,
ती वडिलांची नव्हती.
ती भाल्याची स्वतःची कमाई.

आणि परवा, मेवा म्हणायच्या आधी,
तो थांबला होता.