सोळा गुंठे नदी

कणकुंबीत तानाक्का सकाळी भांडी घासते.
राखेचं पाणी पुढच्या दारातून फेकलं
तर ते मलप्रभेला मिळतं.
मागच्या दारातून फेकलं
तर घाट उतरून म्हादईला, म्हणजे गोव्याला.
मी विचारलं, कुठल्या दारातून, ते कसं ठरवतेस?
म्हणाली, कोंबड्या जिकडं नसतील तिकडं.

उगमापाशी एवढंच असतं :
एक उंबरा, जरासा उतार, कोंबड्या.

पुढच्या दाराच्या पाण्याला समुद्र लांब पडतो.
जवळचा पाठीमागं सोडून
ते निघतं उगवतीकडं,
जांभ्याला भोकं पाडत,
मुळांच्या बोटांतून माती सोडवत.
खानापूरच्या पुलाखाली येईस्तोवर
त्याला कौलाचा रंग चढलेला असतो.
भट्टीवाला चिमटीत गाळ धरून सांगतो,
हा डोंगर वरचा. बारीक दळलाय. चांगला भाजेल.

मी मोजणी खात्यात साखळी ओढली, एकतीस वर्षं.
नदी आमच्यापेक्षा जुनी मोजणीदार.
नोटीस नाही, पंच नाहीत, खुंट्या नाहीत.
वळणावर बाहेरचा काठ खाते
आणि आतल्या काठाला घास भरवते,
सावत्र आईसारखी, दर पावसाळ्यात तोच दुजाभाव.
लुमाण्णा गुरवाचे सोळा गुंठे असेच गेले.
आधी करंजाचं झाड वाकलं,
मग बांध, मग पंपाची खोली,
मग एके सकाळी भुईमुगाच्या ओळी
पाण्यात जाऊन थांबलेल्या,
वाक्य अर्धवट सोडावं तशा.
समोरच्या यल्लाप्पाकडं मात्र वाळूचं नवं पोट सुटलं.
दोघं बोलत नाहीत अजून.
नदीशी दोघंही बोलतात.

पारिशवाडच्या पुढं तिला *होळे* म्हणायला लागतात.
ती ना त्या हाकेला थांबते, ना या.
नविलतीर्थाला आडवा डोंगर आला,
तिनं वळसा नाही घेतला,
किती हजार वर्षं लागली, विचारू नका,
आमच्या साखळीत तेवढ्या कड्या नाहीत.
तासलेल्या खडकावर हात ठेवला होता मी :
गुळगुळीत, थोडा गरम, जात्यासारखा.

त्या खिंडीत आता धरण आहे.
तिथं पाणी उभं राहतं
आणि उभ्या पाण्याच्या हातून सगळं सुटतं :
आधी खडे, मग वाळू, मग ती बारीक दळलेली.
पुढं संगमाला ती कृष्णेत नाव टाकते,
काळ्या रानातून पसरट होत जाते,
आणि खाली, मी न पाहिलेल्या समुद्राकाठी,
म्हणतात, किनारा मागं सरतोय,
माती पुरत नाही.

कशी पुरेल?
लुमाण्णाचे सोळा गुंठे अजून वाटेतच आहेत,
धरणाच्या तळाशी, अंधारात, थरावर थर.
उताऱ्यावर मात्र ते त्याच्याच नावावर.
दर मार्चला तो शेतसारा भरतो,
पावती घडी घालून खिशात ठेवतो,
आणि घाटाच्या पायरीवर बसून
आपली जमीन वाहताना बघतो.