रकाना क्रमांक अकरा

वरून आदेश आला: मातृभाषा दिन साजरा करा,
चार फोटो पाठवा, पाचच्या आत.
सोबत तक्ता. रकाना अकरा: मातृभाषा.
रकान्याची रुंदी माझ्या अंगठ्याएवढी.

जरीपटक्याच्या अलीकडे, रुळांना लागून आमची शाळा.
मालगाडी जाताना मी खडू थांबवते
आणि पोरं डबे मोजतात मनातल्या मनात,
ज्याच्या त्याच्या भाषेत.
हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.
विचारलं तेव्हा टिकेश्वर निषाद म्हणाला,
चालीस के बाद मैं भुला जाथंव.

त्याचा बाप पुलाच्या खांबांवर चढतो,
आई त्याच खांबांच्या सावलीत रेती चाळते.
डब्यात काय, तर तो म्हणतो भात.
घरी म्हणतात बासी,
रात्रभर पाण्यात भिजलेला, कांद्यासोबतचा,
पण इथे बासी म्हणजे शिळं,
म्हणून तो शब्द तो घरीच ठेवून येतो,
उंबऱ्याबाहेर चप्पल ठेवावी तसा.

लविना खूबनानीने फळ्यावर ब काढला,
खाली एक रेघ ओढली. ॿ.
टीचर, श्वास बाहेर नाही सोडायचा, आत घ्यायचा.
ॿ म्हणजे दोन. ॿार म्हणजे मूल.
मी ओठ मिटले, श्वास ओढला, आणि ठसका लागला.
वर्ग खदखदून हसला.
बरं वाटलं.
या खोलीत किती वर्षांनी
चुकण्याची पाळी माझी होती.

यशोमती उईके बाटली उंच धरून म्हणाली, येर.
गोंडीत पाणी म्हणजे येर.
मी गप्प झाले, कारण
जुन्या मराठीत येर म्हणजे इतर,
आणि तक्त्यासोबतच्या यादीत
तिच्या नावापुढे मी सकाळीच
इतर लिहून बसले होते.

मग मागच्या बाकावरून हात वर झाला.
सुहित सोनकुसरे. मी म्हटलं, बोल.
हात खाली येईना.
बोल ना रे, मी म्हटलं. दोनदा.
टिकेश्वर म्हणाला, मॅडम, तो बोलूनच तर राहिला.

त्याचे आईवडील दोघंही बहिरे.
वडील इतवारीत छापखान्यात,
जिथे यंत्रांच्या घरघरीत बाकीचे घसा फोडतात
आणि ते एकटे निवांत गप्पा मारतात.
आई अंधारात बोलू शकत नाही, तो म्हणाला,
म्हणून आमच्याकडे लाइट गेले की
सगळे एकमेकांचा हात धरून बसतो.
सुहित हे नाव शाळेचं.
घरी त्याचं नाव असं आहे:
दोन बोटं हनुवटीवरच्या तिळावर, टक् टक्.

मला शिकायला तीन वेळा लागलं,
लविनाला एकदाच.

संध्याकाळी रकान्यात मावेना,
म्हणून वेगळा कागद टाचला.
कार्यालयातून फोन: कागद नको, कोड टाका.
पंचेचाळीस मुलांचे कोड टाकले.
शेवटी शिक्षकाची मातृभाषा.
मराठी, लिहिलं मी, आणि पेन अडलं.
आर्वीची मी. मायच्या तोंडी मले, तुले, काहून.
डी.एड.च्या पहिल्याच महिन्यात
काहूनचा का केला, तो अजून का आहे.

दुसऱ्या दिवशी हजेरी हातांनी घ्यायची ठरली.
मी एकेकाचं नाव हवेत काढत होते, वेडंवाकडं,
पोरं हात हलवत होती,
पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता.
दारात मुख्याध्यापक येऊन उभे,
अनुस्वार राहिला तर वही परत करणारे,
भाषणात एकही शब्द तिरका न जाऊ देणारे बोरकुटे सर.
शांततेला घाबरले असावेत. म्हणाले,
काहून बे, सारेच्या सारे
मुके होऊन काहून बसून राहिले?

सुहितने तिळावर दोन बोटं ठेवली.
सरांना काय कळलं, कोण जाणे,
त्यांचा हात आपोआप
स्वतःच्या हनुवटीकडे गेला.