मूळ पातळी

आर्वो किवेलाने लव्हाळ्यांवर बारा ट्रक माती ओतली.
बोट ओढून ठेवायला सपाट जागा हवी होती, एवढंच.
उत्तर मिनेसोटात तळ्याकाठी अशी हौस बऱ्याच जणांना असते.

काउंटीच्या टोलफसनबाई आल्या गमबुटात,
टेप, गुलाबी झेंड्या आणि नियमाचं एक पान:
पाणथळीत परवान्याशिवाय भराव नाही.
तळं गोठायच्या आत काढा.
मूळ पातळीपर्यंत.

तो खणायला लागला.
त्याच्या पिवळ्या मातीखाली
बापाने टाकलेली शेगडीची राख,
फोर्डचं एक दार, काच शाबूत.
त्याखाली आजोबांचे ओंडके,
आडवे रचलेले, सालीसकट,
साठ-सत्तर वर्षांत कुजायचं विसरलेले.

"मूळ म्हणजे कुठवर, बाई?"
त्याने खड्ड्यातूनच विचारलं.

बाईंनी कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी.

मग फळीवरून बेताबेताने खाली उतरल्या,
ओंडक्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला
आणि वर काढली मूठभर
काळीभोर, गार, निथळणारी.
काही न बोलता त्याच्या तळव्यावर ठेवली.

वर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.
त्याचं भाडं तासावर होतं.