दारं धरायच्या रात्री

थ्री फेज रात्री पावणेबाराला येते.
तोवर मोटरच्या खोलीत, खताच्या रिकाम्या पोत्यावर बसून
मी दुसऱ्याच रानात असते.

तिथं गुंठे नाहीत, चौकटी आहेत.
चौकटीला एक मुळा.
झारी फिरवली की माती काळी होते
आणि वरच्या कोपऱ्यात माझ्या जिवाची हिरवी रेघ आखडते.
कुदळ आणि तलवार एकाच पट्ट्यात,
दोन्हींना बटण तेच.
घाईत मी भुतावर झारी ओतलीय
आणि चांगला गड्डा धरलेला कोबी
तलवारीनं उभा चिरलाय.

मुख्तारनं दिला हा खेळ. शिकलगारांचा मुख्तार,
शिराळ्यात स्टँडमागं दुकान.
खेळातला लोहार म्हणतो, तांबं आण,
गुहेतले पाच निळे दगड आण, तीन दिवसांनी ये.
मुख्तारचे अब्बा म्हणतात, ठेव तिथं, चहा पिऊन ये.
टोळ्या उतरल्या की दिवसाला साठ-साठ कोयते.
"आमच्या पणजानं तलवारी घासल्या," मुख्तार म्हणतो,
"आता तलवारवालं गिऱ्हाईक तू एकटीच."

विहिरीच्या तळातून गुहेत उतरायचं.
चौदाव्या मजल्यावर ठिपक्यांची मांजर,
बैलाएवढी.
सतरा वेळा हरले तिच्याशी.
हरलं की सकाळी दवाखान्यात जाग येते
आणि निम्मे पैसे गेलेले असतात.
तेवढं तरी इकडच्यासारखंच.

मग वरच्या पट्टीला तोड लागली.
तिसऱ्या दिवशी कौसाबाईंचा कोयता
खाली येता येता हवेतच राहिला.
पाचटात तीन पिल्लं,
डोळे नुकते उघडलेले.
धार अब्बांची, आदल्याच दिवशी लावलेली.
कौसाबाई नंतर बांधावर बसून
आपलाच हात बघत राहिल्या.

वनखात्याची माणसं आली. टोमॅटोच्या क्रेटमध्ये पिल्लं ठेवली,
बाभळीला कॅमेरा बांधला.
आज मोटर नाही, उजेड नाही, म्हणाले.
त्या रात्री घरी पांघरुणात मी खेळ उघडला
आणि चौदाव्या मजल्याच्या जिन्यावर
नुसती उभी राहिले.

सकाळी गार्डनं फोनवर दाखवलं.
दोन वाजून दहा मिनिटांनी ती आली.
माझी आई मीटरचं रीडिंग घेणाऱ्याकडं बघते
तशी तिनं कॅमेऱ्याकडं बघितलं.
एक नेलं. परत आली. दुसरं नेलं.
तिसरं तासभर क्रेटच्या भोकातून
पंजा बाहेर काढत राहिलं.
एवढा वेळ? मी विचारलं.
लांब नेत असंल, गार्ड म्हणाला.

मुख्तारला म्हणे आधीपासूनच माहीत होतं.
"तलवार ठेव की खाली. खरारा घे."
खरारा पिशवीत होताच, गायीसाठी घेतलेला.
ती चावली. रेघ निम्मी झाली.
मी बटण दाबत राहिले,
मानेवरून पाठीकडं, मानेवरून पाठीकडं.
ती परत चावली.
आता सकाळी माझ्याआधी उठून मुळ्यांना पाणी घालते,
तोंडात झारी धरून, निम्मं सांडत.

इथं खरारा चालत नाही.
इथं बॅटरी, काठी, पत्र्याचा डबा
आणि मुद्दाम मोठ्यानं काढलेला खोकला.
खालच्या पट्टीत ऊस अजून उभाच आहे.
मोटर धरते, पाइप उचकी देतो,
मी खोडव्याच्या सरीत पाणी सोडते आणि ऐकते.
टोकाला पोचलं की पाण्याचा आवाज बदलतो.
काल तो दोनदा बदलला.

उजाडताना टोकाला गेले.
चिखलात मोठी पावलं, पाण्याकडं आलेली,
त्यांच्या आत-बाहेर बारकी, एकमेकांवर पडलेली.
दोघांची का तिघांची,
वाकून लई वेळ बघितलं,
हिशेब लागत नव्हता.

दारं मोडलं, पाणी पुढच्या सरीला दिलं.
घरी काही बोलले नाही.
मुख्तारला तेवढं लिहिलं:
मुळे आले.